भिंतीतला गुंतवळ

विंचरलेले केस उंबऱ्याबाहेर टाकू नयेत, कुणी करणी करतं, असं माझी आई सांगायची. म्हणून आमच्या घरात फणीतला गुंतवळ बोटावर गुंडाळायचा, त्यावर तीनदा थुंकायचं आणि न्हाणीच्या भिंतीतल्या फटीत कोंबायचा. गोळा मोठा झाला की केसवाला यायचा. पूर्वी सायकलवर यायचा, आता बॅटरीच्या गाडीवर येतो, पण आरोळी तीच, ‘केसावर भांडीऽऽ’. माझ्या घरातली निम्मी गाळणी आणि झारे माझ्या नि माझ्या लेकीच्या केसांवर आलेत. मी चौथी शिकले, पुढं बापानं म्हशीमागं धाडलं. पण एवढं कळतं मला, की करणी कुणी केली ते शेवटी त्या केसांनीच सांगितलं.

लेक एकच. नम्रता. नमू. शेतकी कॉलेजात शिकलेली, जिभेनं माझ्यावर गेलेली. दिली ती डाळिंबाच्या मोठ्या घरात. जावई धैर्यशील. पांढरी गाडी, पांढरे कपडे, बोलणं लोण्यासारखं. बागेवर औषध फवारायलासुद्धा यांची सहा विमानं, घरात बसून उडवायची.

मागच्या माघात सकाळी फोन आला, नमूचा पाय घसरला, शेततळ्यात गेली. शेततळ्याला काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरलं की साबणासारखा गुळगुळीत होतो, पडलेलं माणूस वर चढत नाही. आम्ही पोचलो तर हिरवी साडी नेसवून, मळवट भरून तयारच ठेवलेली. दुपारी दोनला राख झाली. चौकीत कागद झाला, अकस्मात मृत्यू. जावई हात जोडून म्हणाले, “मामी, आमचंच नशीब फुटकं.”

महिन्याभरात फुटक्या नशिबाला नवी बायको मिळाली.

फाल्गुनात केसवाला आला. मी फटीतनं गोळा काढला. नमूचे केस तांबूस, लांब, वर माझे पांढरे. त्यानं हातात तोलला आणि म्हणाला, “आक्का, कढई देतो.” मी गोळा परत फटीत कोंबला आणि त्याला शिवी दिली. का दिली, ते त्याला कळलं नाही, मलाही.

चैत्रात डॉक्टर फरीदा मुजावर आल्या. चाळिशीची बाई, पायात साधी चप्पल, बरोबर सरकारी पांढरी गाडी. मागच्या सहा वर्षांत तालुक्यात अठरा वर्षांवरच्या जेवढ्या बायका बुडून, जळून, विजेचा धक्का लागून, साप चावून गेल्या, त्या सगळ्यांचा तपास करत दारोदार फिरत होत्या. तीनशे अकरा बायका.

“एवढे साप बायकांनाच का चावतात, ते सापाला विचारायचंय,” त्या म्हणाल्या. “देह जळतो आक्का. पण बायका केस मागं ठेवून जातात. तुमच्या भिंतीत आहेत का?”

“केस मागायला आलीस? भांडी देतेस का करणी करतेस?”

“भांडी नाहीत. करणी कुणी केली ते सांगीन.”

मी गोळा आणून तिच्या हातावर ठेवला.

आता मशीनचं सांगते, मला तिनं सांगितलं तसं. केस पाच दिवसांत मोहरीच्या दाण्याएवढा वाढतो. त्याचं मूळ रक्त पितं. त्या दिवशी रक्तात जे असेल, औषध, विष, उपास, ते केसात अडकून वाळून बसतं. माणूस भ्यालं की रक्तात एक रस सुटतो, तोही बसतो. केस धुतला, तेल लावलं, तरी आतलं जात नाही. जुन्या मशीनला महिन्याचा हिशेब लागायचा. हे नवं मशीन उजेडाच्या पात्यानं केसाचे इतके बारीक काप करतं, की एकेक दिवस वेगळा होतो. म्हणजे हातभर लांब केस ही चार वर्षांची रोजनिशी झाली.

“पण गोळ्यात तर माझेही केस हायेत,” मी म्हटलं.

“तुमची थुंकीपण आहे आक्का. मशीन माणूस ओळखतं. तुमचे तुम्हाला, तिचे तिला.” मग म्हणाली, “एक पक्की तारीख द्या. त्या दिवशी तिला काही इंजेक्शन, मोठं औषध?”

नमूची दाढ काढली होती, दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्याच घरी होती. ती तारीख मी दिली. तिथं खुंटी ठोकली, की पुढंमागं सगळे दिवस मोजता येतात म्हणे.

पंधरा दिवसांनी डॉक्टरीण कागद घेऊन आली. ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला. निळी रेघ झोपेच्या औषधाची, तांबडी भीतीची.

“हे बघा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून निळी रेघ आहे. जवळजवळ रोज. मधेमधे खाली येते, शून्य होते, ते दिवस ती कुठं होती?”

“हितं. माझ्याकडं.”

“म्हणजे औषध सासरचं.”

मी उठलेच. “मग धरा की त्याला! कागद काय अंथरून बसलीस?”

“बसा आक्का. पडली की ढकलली, ते केस सांगत नाही. आणि आपसूक गळलेला केस दोन-तीन महिने आधीच वाढायचा थांबलेला असतो, त्यात शेवटचे दिवस नसतात. नशीब, यात चार केस जिवंत मुळासकट आहेत. तेही तुमच्याकडनं ती निघाली त्या सकाळी संपतात. पुढचे चार दिवस नाहीत. ती स्वतःच गोळ्या घेत होती, असं ते म्हणतील.” तिनं मान वर केली. “हे चार केस कुणी एवढ्या जोरात ओढले?”

“फणी जुनी होती,” मी म्हटलं.

तिनं तांबड्या रेघेवर बोट ठेवलं. “सासरी भीती आहेच, पण औषधाखाली दबलेली. हे सात डोंगर बघा. सगळ्यांत उंच. आणि निळी रेघ तिथं शून्य. या तारखांना काय झालं असेल?”

माझ्या भिंतीवर एकाच खिळ्याला पाच वर्षांची कॅलेंडरं आहेत. दुधाचे खाडे मी त्यावर लिहिते. आणि नमू आली की ‘आ’ आणि गेली की ‘गे’. डॉक्टरीण तारीख वाचायची, मी पान उलटायची. पहिल्या डोंगराला ‘गे’. दुसऱ्याला ‘गे’. तिसऱ्याला ‘गे’. सातही ठिकाणी ‘गे’.

“काय आहे आक्का?”

“दुधाचे खाडे हायेत. मला आठवत न्हाई बाई.”

तिनं माझ्याकडं पाहिलं, कॅलेंडरकडं पाहिलं आणि कागदावर लिहिलं, ‘कारण अज्ञात’.

कारण मला माहीत होतं. प्रत्येक वेळी जायच्या आदल्या दिवशी नमू म्हणायची, “आई, अजून दोन दिवस.” मग हळूच, “आई, तिथं मला दिवसा झोप येते. हातपाय उचलत न्हाईत. दुधात कायतरी असतं गं.”

आणि मी, गावात जिच्या तोंडाला कुणी लागत नाही ती मी, म्हणायची, “आमची जिंदगी झोपंवाचून गेली, तुला झोप मिळती म्हणून रडतीस? आमच्या घरातली एक लेक तरी माघारी येऊन बसली का आजवर?” तिचं तोंड बंद करायला माझ्याकडं एकच औषध होतं. मी ओटीचं ताट आणायची. खण, नारळ, गहू, हळकुंड. पदरात ओटी पडली, की बाईनं उंबऱ्यात थांबायचं नसतं. नमू शिकलेली, पण एवढी मर्यादा मी तिला लावली होती. पदर धरायची आणि निघायची.

शेवटच्या सकाळी ती विंचरायला बसेना. मी धरून बसवली आणि रागानं फणी ओढली. ‘आई गं’ एवढंच म्हणाली. ते चार केस.

डॉक्टरीण जाताना म्हणाली होती, “दुसऱ्या बाईच्या केसात तेच औषध निघालं, तर ‘ती स्वतः घेत होती’ ही पळवाट बंद होईल.” हे वाक्य आषाढभर माझ्या डोक्यात घण घालत होतं. दुसरी बाई त्या घरात दूध पीत होती.

आमच्याकडं रीत आहे, मेलेल्या सवतीचं माहेर ते दुसरीचंही माहेर. नवी बायको पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालते आणि पंचमीला पहिलीच्या आईकडं येते. नाही आली, तर मेलेली घरात फिरते म्हणतात. श्रावण लागताच मी आणि आमचे मालक जीप करून मूळ म्हणून, म्हणजे तिला माहेरी आणायला, गेलो. जावयाच्या कपाळाला आठी पडली.

“मामी, आता कशाला त्या जुन्या रीती?”

पण त्याची आई आतून धावत आली. “न्हाई न्हाई, धाड तिला. नमू मला सपनात दिसती.” ती बाई पोलिसाला भीत नाही, पण भुताला भिते.

शिवानी चोवीस वर्षांची. बारीक, गोरी, पापण्या जड. जीपमध्ये बसली आणि दोन कोस जायच्या आत माझ्या खांद्यावर झोपली. तिच्या गळ्यात रुपयाएवढ्या चांदीत माझी लेक हलत होती.

“तुम्हाला आई म्हणू?” घरी आल्यावर तिनं विचारलं.

“आक्का म्हण. आई म्हणणारी गेली.”

दोन दिवस नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी तिचे हात कापायला लागले, घाम सुटला. “आक्का, तुमच्याकडं झोपच येत न्हाई. तिकडं दूध प्यालं की कळतच न्हाई काय.”

माझ्या हातातली भाकरी तव्यावर जळाली. “दूध कोण देतं तुला?”

“हेच देतात. हातानं. तुमच्या जावयासारखा नवरा शोधून सापडायचा न्हाई म्हणतात सगळ्या.”

दुपारी विंचरायला बसवली. फणी फिरवली, गुंतवळ निघाला, पण डॉक्टरणीला मुळासकट हवे होते. मी चार केस बोटात धरले. ओढवेनात. दुसऱ्यांदा धरले. बोटं सुटली.

“काय झालं आक्का?”

“चार केस पायजेत मला. मुळापासनं.”

“एवढंच?” तिनं हात मागं नेला आणि खसकन उपटून माझ्या तळहातावर ठेवले. “केसच तर हायेत. रडताय कशाला?”

मग मी तिला सांगितलं. दुधाचं, रेघांचं, सगळं. सात डोंगरांचं सोडून. तिनं टाक मुठीत धरला. नंतर म्हणाली, “आक्का, मी न्हाई जाणार.” आणि लगेच, “पण मग जाऊ कुठं?”

तिच्या बापाला मी फोन लावला. तो म्हणाला, “पाव्हणीबाई, तुमचं दुःख मोठं हाय, पण माझ्या पोरीच्या संसारात माती कालवू नका. नांदायला धाडा तिला. लोक काय म्हणतील?” मला शिव्या द्यायच्या होत्या. दिल्या नाहीत. माझंच बोलणं बाप्याच्या आवाजात ऐकत होते.

दोन दिवसांनी डॉक्टरणीचा फोन. “तीच निळी रेघ आक्का. लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यापासून. तिच्या संरक्षणाचा अर्ज कोर्टात आजच टाकते. हुकूम यायला दहाबारा दिवस लागतील. तोवर तिला पाठवू नका, दूध प्यायला तर नकोच नको.” मग थांबली. “आणि नमूच्या त्या सात तारखा. त्यांचा वकील म्हणेल, सगळ्यांत मोठी भीती माहेरात, म्हणजे औषधही माहेरचं. याला उत्तर देणारं माणूस एकच आहे. मी तुमचं कॅलेंडर पाहिलं होतं, आक्का.”

मी फोन ठेवला. ही बाई सगळं जाणून ‘अज्ञात’ लिहून गेली होती, मला वेळ द्यायला. आणि मी तो वेळ खाल्ला होता. चैत्र, वैशाख, जेठ, आषाढ. चार महिने शिवानी दूध पीत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी गाडी दारात. जावई, बरोबर त्यांच्या भावकीतले दोन बुजुर्ग. गाडी बघून आमची आळी गोळा झाली. शिवानी आतल्या दाराशी उभी. आळीतल्या माझ्या पुतणसुनेनं रीतीप्रमाणं ओटीचं ताट भरून पाटावर ठेवलेलं. शिवानीनं त्या ताटाकडं पाहिलं आणि तिचा जो चेहरा झाला, तो चेहरा मी सातदा पाहिला होता. सातदा मी त्याला नखरे म्हटलं होतं.

“मामी, पंचमी झाली. ओटी भरा, निघतो,” जावई म्हणाले.

“शिवानी राहील हितं.”

“किती दिवस?”

“मी मरंस्तोवर.”

बुजुर्ग हसले. जावई हसले नाहीत. चार पावलं पुढं आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा लोण्यासारख्या आवाजात म्हणाले, “मामी, नमूच्या जाण्यानं तुमचं चित्त ठिकाणावर न्हाई, मी समजू शकतो. पण नमूला काय दुःख होतं आमच्याकडं? असतं तर तुम्ही धाडली असती का? शेवटच्या वेळी मी न्यायलासुद्धा आलो नव्हतो. तुमच्याच जीपनं पाठवलीत. सांगा की चार लोकांत, काय तक्रार होती तिची?”

नेमकी जागा धरली होती त्यानं. उत्तर दिलं तर मी जाते, नाही दिलं तर शिवानी. आळी बघत होती. याच आळीतल्या लेकी माघारी आल्या तेव्हा त्यांच्या आयांना मी बोलबोल बोलले होते. समोरची कृष्णाबाई तर अजून माझ्याशी बोलत नव्हती.

मी ताटातला नारळ उचलला. पुतणसून म्हणाली, “काकी, थांबा, पदर पुढं—” मी तो उंबऱ्याच्या दगडावर आपटला. पाणी सगळ्यांच्या पायांवर उडालं. ओटीचा नारळ असा फोडत नसतात. बायकांनी तोंडाला पदर लावले.

“तक्रार ऐकायची? ऐका. दुधात कायतरी घालतात, असं माझ्या लेकीनं मला सांगितलं. एकदा न्हाई, सातदा. इथं, या उंबऱ्यात. आणि सातदा मी तिची ओटी भरून तिला धाडली. माझ्या घरातली लेक माघारी येत न्हाई म्हणून गावात नाक वर करून फिरता यावं, एवढ्यासाठी. शेवटच्या दिवशी केस धरून बसवली. आठवी ओटी मी भरणार न्हाई.”

मग जावई हळू म्हणाले, “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, तरी धाडली. मग गुन्हेगार कोण, मामी?”

“दोघं. मी माझं लिहून देते पाव्हणं. तुम्ही तुमचं द्या.”

तो पहिल्यांदा गडबडला. गाडीकडं वळताना शिवानीला म्हणाला, “तुझ्या बापाला घेऊन येतो. बघू कोण ठेवून घेतं.” गाडी गेली. आळी पांगली. कृष्णाबाई तेवढी मागं राहिली. माझ्या तोंडावर म्हणाली, “लेक खाल्लीस की गं मालन.” आणि गेली. खोटं काय होतं त्यात?

फुटलेला नारळ मी गोळा केला, धुतला, खवला आणि आमटीत घातला. शिवानी दोन वाट्या जेवली.

संध्याकाळी डॉक्टरणीला बोलावून सगळं लिहून दिलं. सात तारखा, सात ‘गे’. अंगठा नाही, सही केली. ‘मालन’ असं स्वतःच्या हातानं लिहिलं. केस ओढले ते मीच, हेही लिहिलं. ती म्हणाली, “तुमच्यावरही गुन्हा येऊ शकतो आक्का.” मी म्हटलं, “येऊ दे. जावयाला म्हणावं, कोठडीत माझीपण जागा कर.”

आज नववा दिवस. हुकूम आलेला नाही. शिवानीचा बाप दोनदा येऊन गेला, परवा त्यानं दारावर लाथा घातल्या. मालक काठी घेऊन उंबऱ्यावर बसतात, ऐकू येत नाही त्यांना, म्हणून बरं. दूध मी स्वतः धार काढून, स्वतः तापवून तिला देते आणि आधी एक घोट तिच्यासमोर पिते. हुकमाच्या आधी तिला ओढून नेली तर माझ्यात किती बळ आहे, ते मला माहीत आहे. थोडं आहे.

काल मी डॉक्टरणीला म्हटलं, शिवानीचे अजून चार केस घे. ती म्हणाली, कशाला, पुरावा पुरेसा आहे. मी म्हटलं, पुराव्याला नको, मला हवेत. आज तिनं छोटा कागद आणून दिला. गाडी आली त्या सकाळचा डोंगर आहे, नमूच्या डोंगरांएवढाच उंच. आणि त्याच्यापुढं तांबडी रेघ खाली येते, निळीशिवाय. रोज थोडी, मोहरी-मोहरीनं, पण येते.

हा उतार कसा दिसतो, ते मला बघायचं होतं. नमूच्या कागदावर तो कुठंच नाही.